पीयूसीच्या कागदामागचा माणूस

द्राक्षाचा हंगाम सुरू झाला की सायखेड्याच्या रस्त्यावर पिकअपची रांग हलत नाही. चांदोरीकडून गोदावरीचा पूल ओलांडून येणारी गाडी असो की कांदा भरून निघालेली, मालकाची तक्रार बहुधा एकच असते: गाडी ओढत नाही. आजच्या बहुतेक डिझेल पिकअपना आणि अनेक मोटारींना टर्बो असतो. त्यामुळे गॅरेजमध्ये उपायही ठरलेले असतात. टर्बोचा दाब थोडा वाढवायचा, डिझेल वाढवायचे, ईजीआर नावाचा व्हॉल्व्ह बंद करायचा, नव्या गाडीच्या संगणकात वेगळे प्रोग्रॅमिंग भरायचे. गाडी पळू लागते. मग पीयूसी केंद्रावर जायचे, नळी धुराड्यात घालायची, कागद घ्यायचा आणि तो डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवून द्यायचा.

या कागदाचा इतिहास सत्तर-ऐंशी वर्षांमागे जातो आणि तो एका वनस्पतींच्या रसायनशास्त्रज्ञापाशी पोहोचतो. मोटारीच्या धुरात नेमके काय मोजायला हवे, हे जगाला ज्याच्यामुळे कळले, तो माणूस इंजिनांचा तज्ज्ञ नव्हता. पाने, फळे आणि त्यांचे वास हा त्याचा विषय होता. त्याचे नाव अरी यान हेगन-स्मिट.

पानाफुलांचा रसायनशास्त्रज्ञ

हेगन-स्मिट यांचा जन्म २२ डिसेंबर १९०० रोजी नेदरलँड्समधील उत्रेख्त शहरात झाला. वडील तिथल्या टांकसाळीत रसायनशास्त्रज्ञ होते. मुलाने उत्रेख्त विद्यापीठातच शिक्षण घेतले आणि १९२९ मध्ये डॉक्टरेट मिळवली. त्या काळात वनस्पती वाढतात कशामुळे, हा प्रश्न शास्त्रज्ञांना खुणावत होता. १९३४ मध्ये फ्रिट्झ कोगल, हेगन-स्मिट आणि हानी एर्क्सलेबेन या तिघांनी वनस्पतींची वाढ घडवणारे इंडोल ॲसिटिक आम्ल माणसाच्या मूत्रातून वेगळे केले. रोपवाटिकेत कलमाला मुळे फुटावीत म्हणून जी पावडर लावतात, त्यातील संप्रेरके याच कुळातली.

१९३६ मध्ये ते अमेरिकेला हार्वर्ड विद्यापीठात गेले आणि पुढच्याच वर्षी लॉस एंजेलिसला लागून असलेल्या पॅसाडीना गावी, कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी म्हणजे कॅलटेक या संस्थेत रुजू झाले. तिथे वनस्पतीला जखम झाल्यावर ती भरून आणणारे रसायन शोधण्याच्या कामात त्यांचा वाटा होता. मग त्यांनी अननसाचा वास हाती घेतला. ढीगभर अननसांमधून उडून जाणारी वाफ थंड करून पकडायची आणि त्या थेंबभर द्रवात कोणती संयुगे आहेत ते ओळखायचे, असे ते काम होते. हवेत अगदी अत्यल्प प्रमाणात असलेला पदार्थ पकडण्याची कला त्यांनी या अननसांवर साधली. तीच पुढे कामाला आली.

डोळे झोंबवणारे धुरके

जुलै १९४३ मध्ये लॉस एंजेलिसवर एक दिवस दाट धुरके उतरले. लोकांचे डोळे झोंबू लागले, घशात खवखव होऊ लागली. दुसरे महायुद्ध चालू होते, त्यामुळे जपानने विषारी वायू सोडला की काय, अशी शंकाही लोकांना आली. पहिला संशय शहरातल्या कृत्रिम रबराशी संबंधित एका कारखान्यावर गेला. पण त्याच्यावर बंधने आली तरी धुरके पुन्हा पुन्हा येतच राहिले.

त्या काळी शहरी धुरके म्हटले की लंडन आठवे. लंडनचे धुरके कोळशाच्या धुराचे आणि गंधकाच्या वायूचे. ते हिवाळ्यात, गारठ्यात, ओलसर हवेत दाटायचे. लॉस एंजेलिसमध्येही गंधकच दोषी असणार असे गृहीत धरून १९४७ मध्ये स्थापन झालेल्या हवा प्रदूषण नियंत्रण जिल्ह्याने कारखान्यांवर निर्बंध आणले. परंतु इथले धुरके वेगळे वागत होते. ते कडक उन्हाच्या दिवशी वाढायचे, दुपारी सर्वाधिक त्रास द्यायचे आणि सूर्य कलला की ओसरायचे. शिवाय शहराभोवतीच्या शेतांत पालक आणि इतर पालेभाज्यांच्या पानांवर चंदेरी-तांबूस झाक येऊन पाने वाळत होती. गंधकाच्या वायूने होणारी इजा अशी दिसत नाही, हे वनस्पतिशास्त्रज्ञांना ठाऊक होते.

१९४८ च्या सुमारास हे कोडे हेगन-स्मिट यांच्याकडे आले. त्यांनी अननसाच्या वाफेचीच रीत वापरली. प्रयोगशाळेबाहेरची सुमारे ३०,००० घनफूट हवा त्यांनी अतिशीत नळ्यांमधून ओढली. तळाशी उरले ते तपकिरी, उग्र दर्पाच्या द्रवाचे थोडेसे थेंब. त्यात पेरॉक्साइड, अल्डिहाइड आणि सेंद्रिय आम्ले होती. म्हणजे पेट्रोलच्या वाफेसारख्या हायड्रोकार्बन पदार्थांचे हवेत अर्धवट ज्वलन व्हावे तसे काहीतरी घडले होते. हवेत आग तर कुठेच नव्हती. मग हे घडवत कोण होते?

उत्तर मिळवण्यासाठी त्यांनी बंद पेटीत पेट्रोलची वाफ आणि नायट्रोजन डायऑक्साइड घेऊन त्यावर प्रकाश सोडला. आत ओझोन तयार झाला. त्यांनी सहकाऱ्यांसह पालक, बीट, ओट, लसूणघास अशी पिके ओझोन आणि पेट्रोलच्या वाफेच्या मिश्रणात ठेवली, तेव्हा त्यांच्या पानांवर शेतातल्यासारखीच इजा दिसली. अशा कृत्रिम धुरक्यात माणसांचे डोळेही झोंबले.

ओझोन मोजायला त्यांनी वापरलेले साधन तर कोणत्याही टायरवाल्याला पटावे असे होते. रबराची पट्टी वाकवून ताणात ठेवली आणि तिच्यावर ओझोन आला की तिला तडे जातात. तडे पडायला किती मिनिटे लागली, त्यावरून हवेतल्या ओझोनचा अंदाज बांधता येतो. लॉस एंजेलिसमध्ये टायरच्या कडांना इतर शहरांपेक्षा लवकर भेगा का पडतात, याचेही उत्तर त्यातच होते. हे सारे काम एकत्र मांडणारा त्यांचा निबंध १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला.

सूर्यप्रकाशात शिजणारे विष

हेगन-स्मिट यांनी सांगितलेली प्रक्रिया थोडक्यात अशी. इंजिनात इंधन जळते तेव्हा तापमान इतके चढते की हवेतला नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येऊन नायट्रोजनची ऑक्साइडे बनतात. ती धुराड्यातून बाहेर पडतात. उन्हात नायट्रोजन डायऑक्साइड फुटतो आणि त्यातून सुटलेला ऑक्सिजनचा अणू हवेतल्या ऑक्सिजनला चिकटून ओझोन बनतो. एरवी हा ओझोन लगेच मोडलाही गेला असता. पण हवेत अर्धवट जळलेल्या इंधनाची वाफ असेल तर हे मोडणे थांबते आणि ओझोन साचत जातो.

याचा अर्थ असा की, या धुरक्यातला मुख्य त्रासदायक वायू कोणत्याही धुराड्यातून थेट बाहेर येत नाही. तो हवेत, उन्हात, नंतर तयार होतो. वाहनातून सुटतो त्याचा कच्चा माल, आणि त्यातला बराचसा डोळ्यांना दिसत नाही. धुराचा रंग बघून गाडी चांगली की वाईट हे ठरवण्याची सवय किती अपुरी आहे, हे या शोधाने प्रथमच स्पष्ट झाले.

ओझोनचा घाव द्राक्षवेलीवरही पडतो. १९५० च्या दशकात दक्षिण कॅलिफोर्नियातल्या द्राक्षबागांमध्ये पानांच्या वरच्या बाजूस बारीक गडद ठिपके दिसू लागले. कोणतीही बुरशी सापडेना. शेवटी कारण निघाले ओझोन. निफाडच्या बागायतदाराला डावणी, भुरी आणि करपा ओळखता येतात आणि पानावरचा प्रत्येक ठिपका हवेमुळे आलेला नसतो, हेही खरे. पण शहरात बनलेला कच्चा माल वाऱ्याबरोबर गावाकडे येतो आणि ओझोनचे प्रमाण पुष्कळदा शहराच्या चौकापेक्षा वाऱ्याच्या दिशेला असलेल्या शेतशिवारात अधिक भरते, ही गोष्ट आता जगभर मोजली गेली आहे.

तेल आणि मोटारींशी गाठ

पेट्रोलची वाफ दोषी म्हणजे तेल कंपन्या आणि मोटार कंपन्या दोषी. साहजिकच विरोध झाला. तेल कंपन्यांनी पैसा पुरवलेल्या स्टॅनफर्ड संशोधन संस्थेने हा सिद्धान्त मान्य करण्यास नकार दिला. त्या संस्थेच्या एका व्याख्यानाला हेगन-स्मिट श्रोत्यांत बसले होते आणि त्यांच्याच कामावर तिथे शंका घेतली गेली. स्वभावाने शांत असलेला हा माणूस त्या दिवशी दुखावला गेला. वादविवादात न पडता त्यांनी वनस्पतींचे आवडते संशोधन बाजूला ठेवले आणि पूर्ण वेळ धुरक्याला दिला. पुढच्या काही वर्षांत विरोधकांच्या मोजमापांतही ओझोन सापडू लागला.

मोटार कंपन्यांना पटायला अधिक वेळ लागला. १९५३ मध्ये लॉस एंजेलिस कौंटीचे पर्यवेक्षक केनेथ हान यांनी विचारणा केली, तेव्हा फोर्ड कंपनीने कळवले की मोटारीचा धूर हवेत पटकन विरून जातो आणि त्याचा प्रदूषणाशी संबंध नाही. हान यांनी पत्रव्यवहार सोडला नाही. १९६० मध्ये कॅलिफोर्नियाने मोटार वाहन प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन केले आणि हेगन-स्मिट त्याचे सदस्य झाले. पहिली सुधारणा साधी होती: इंजिनाच्या क्रँककेसमधून सुटणारी वाफ बाहेर न सोडता परत इंजिनात जाळायची. १९६६ च्या मॉडेलपासून धुराड्यातल्या धुरालाही मर्यादा आली. हायड्रोकार्बन दशलक्ष भागांत २७५ आणि कार्बन मोनॉक्साइड १.५ टक्के.

इथेच ट्यूनिंगचा खरा धडा दडलेला आहे. चाचणी उत्तीर्ण होण्यासाठी कंपन्यांनी इंजिने अशी जुळवली की इंधन कमी आणि हवा जास्त मिळावी. त्यामुळे इंधन पूर्ण जळू लागले. हायड्रोकार्बन आणि कार्बन मोनॉक्साइड खाली आले, गाड्या पास झाल्या. पण ज्वलन अधिक तापल्याने नायट्रोजनची ऑक्साइडे वाढली. त्यांना तेव्हा मर्यादाच नव्हती, म्हणून ती चाचणीत धरली जात नव्हती. ओझोनच्या दोन कच्च्या मालांपैकी एक कमी करताना दुसरा वाढवून ठेवला गेला.

पदावरून दूर

१९६८ मध्ये कॅलिफोर्निया हवा संसाधन मंडळ काम करू लागले आणि हेगन-स्मिट त्याचे पहिले अध्यक्ष झाले. १९७१ च्या मॉडेलपासून नायट्रोजनच्या ऑक्साइडांनाही मर्यादा आली. पण १९६६ ते १९७० या काळातल्या, गरम जळणाऱ्या लाखो गाड्या रस्त्यावर होत्याच. त्यांच्यावर ठिणगीची वेळ मागे घेणारे साधे उपकरण बसवावे, असे मंडळाने ठरवले.

हा निर्णय लोकांच्या खिशाला आणि गाडीला झोंबला. इंजिन तापेल, मायलेज कमी होईल अशा तक्रारी सुरू झाल्या. नेमके त्याच वेळी, १९७३ च्या अखेरीस, अरब देशांच्या तेलबंदीमुळे अमेरिकेत पेट्रोलची टंचाई आली. हेगन-स्मिट मागे हटले नाहीत. तेव्हाचे गव्हर्नर रोनाल्ड रीगन यांनी त्यांना अध्यक्षपदावरून दूर केले. राष्ट्रीय विज्ञान पदकाच्या १९७३ सालच्या मानकऱ्यांत त्यांचे नाव होते, हा त्यातला योगायोग. विज्ञान म्हणून जे देशाला मान्य होते, ते स्वतःच्या जुन्या गाडीला लागू करायची वेळ आली तेव्हा मात्र नकोसे झाले.

१७ मार्च १९७७ रोजी पॅसाडीनात फुप्फुसाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. आयुष्यभर हवेचा अभ्यास करणाऱ्याला फुप्फुसाच्याच आजाराने गाठावे, हे मनाला लागते. पण एका माणसाचा कर्करोग एका कारणाला चिकटवणे वैद्यकशास्त्राला धरून नाही. एल मॉन्टे येथील मंडळाच्या वाहनचाचणी प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले होते.

त्या प्रयोगशाळेने त्यांच्या मृत्यूनंतर अडतीस वर्षांनी त्यांचेच काम पुढे नेले. फोक्सवॅगनच्या टर्बो डिझेल मोटारी प्रयोगशाळेत पास होत आणि रस्त्यावर मात्र नायट्रोजनची ऑक्साइडे अनेक पटींनी सोडत. गाडीतला संगणक चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरते ट्यूनिंग बदलत होता. २०१५ मध्ये हा प्रकार उघड करण्यात एल मॉन्टेच्या अभियंत्यांचा मोठा वाटा होता. भारतात पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियाने तपासणी केली आणि त्याच वर्षअखेर कंपनीने इथल्या सुमारे सव्वातीन लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या.

गॅरेजमधला ईजीआर

हे सगळे सायखेड्याच्या पिकअपला कसे लागू पडते? टर्बो म्हणजे एका दांड्यावर बसवलेली दोन चक्रे. बाहेर जाणारा धूर एक चक्र फिरवतो, त्यामुळे दुसरे फिरते आणि इंजिनात जास्त हवा दाबून भरते. जास्त हवा मिळाली की जास्त डिझेल जाळता येते. पण हवेच्या मानाने डिझेल अधिक सोडले की काळा धूर, म्हणजे काजळीचे कण बाहेर पडतात. उलट ज्वलन फार तापले की नायट्रोजनची ऑक्साइडे वाढतात. ईजीआर व्हॉल्व्ह थोडा धूर परत इंजिनात पाठवून हे तापमान खाली ठेवतो. तो बंद केला की काजळी कमी होते, गाडी मोकळी वाटते. पण नायट्रोजनची ऑक्साइडे वाढतात.

आता पीयूसी काय मोजते ते पाहा. डिझेल गाडी उभी ठेवून ॲक्सिलरेटर दाबतात आणि धुराचा दाटपणा मोजतात. पेट्रोल गाडीत इंजिन जागेवर चालू ठेवून मुख्यतः कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन पाहतात. नायट्रोजनची ऑक्साइडे या चाचणीत मोजली जात नाहीत. म्हणून ईजीआर बंद केलेली डिझेल गाडी पीयूसीत पास होऊ शकते, कदाचित आधीपेक्षा चांगल्या आकड्यानेही, आणि तरी हवेसाठी अधिक घातक ठरू शकते. १९६६ च्या कॅलिफोर्नियात जे घडले तेच हे, फक्त छोट्या प्रमाणावर. कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत असा बदल करणे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खालीही बसत नाही.

पीयूसी निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नाही. बिघडलेले इंजिन आणि काळा धूर ओकणारी गाडी ती पकडते. ती किमान पायरी आहे, एवढेच.

फुप्फुसांचा हिशेब

ओझोन श्वासनलिकेच्या अस्तराला जाळतो. खोकला, छातीत आवळल्यासारखे वाटणे, खोल श्वास घेताना दुखणे आणि दम्याचा झटका हे त्याचे परिणाम. मुले, वृद्ध, दमेकरी आणि उन्हात मेहनतीचे काम करणारी माणसे यांना धोका अधिक, कारण मेहनत करताना श्वास खोल आणि जलद चालतो. द्राक्षतोडणीला येणारे मजूर याच गटात मोडतात. भारतीय मानकाप्रमाणे हवेतल्या ओझोनची ८ तासांची सरासरी घनमीटरला १०० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त असू नये. धूळ अडवणारा मास्क किंवा तोंडाला बांधलेला रुमाल या वायूला अडवत नाही. दमा असणाऱ्याने कडक उन्हाच्या दुपारी जड काम टाळावे, ते सकाळी उरकावे, श्वासावाटे घ्यायचे औषध जवळ ठेवावे आणि उन्हाळ्यात दुपारचा खोकला वारंवार होत असेल तर डॉक्टरांना तसे वेळेसह सांगावे.

गाडीच्या बाबतीत वैद्यकीय सल्ला द्यायचा तर तोही साधा आहे. गाडी ओढत नसेल तर आधी एअर फिल्टर, इंजेक्टर आणि टर्बोच्या पाइपची गळती तपासून घ्यावी. ईजीआर काजळीने भरला असेल तर तो साफ करावा, बंद करू नये. धुरातली काजळी अडवणारा फिल्टर कापून टाकू नये. क्षमतेपेक्षा जास्त माल भरून मग इंजिनाला दोष देऊ नये.

हेगन-स्मिट यांच्या हाती सुरुवातीला होते ते थोडे तपकिरी थेंब, पालकाची करपलेली पाने आणि तडकलेले रबर. न दिसणाऱ्या गोष्टीचा माग त्यांनी दिसणाऱ्या खुणांवरून काढला. ज्या गाड्या चाचणीत पास झाल्या होत्या, त्यांच्याकडेही पुन्हा पाहण्याचा आग्रह धरल्यामुळे त्यांचे पद गेले. डॅशबोर्डच्या कप्प्यातला कागद खरा असला, तरी ज्या हवेत ती पिकअप चालते, तिच्यात मागच्या हौद्यात बसलेल्या मजुराचे आणि रस्त्याकडेच्या शाळेतल्या मुलाचे फुप्फुस श्वास घेत असते. तिथे ईजीआर चालू आहे की बंद, याची नोंद होतच असते.